रानडुकरांना खाऊ घालतंय कोण?

रानडुक्कर हा प्रश्न आता डोंगराखालच्या चार वाड्यांपुरता राहिलेला नाही. चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांतल्या शेतकऱ्याला तो नवा नाही. पण उसाच्या आडोशाने डुकरं आता सपाटीच्या गावांतही पोचली आहेत. रात्री कळप शिरतो आणि सकाळी भुईमुगाच्या जागी नुसती उकरलेली माती दिसते. मक्याची ताटं आडवी झालेली असतात. ऊस बुडख्याशी चावून पाडलेला असतो. जेवढं खाल्लं त्याच्या कितीतरी पट तुडवलेलं असतं. बियाणं, खत, मजुरी घालून झालेली असते, कर्ज डोक्यावर असतं, आणि अशा सकाळी शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला वन्यजीवांचं महत्त्व सांगायला गेलं तर तो ऐकून घेणार नाही. त्याचा राग खरा आहे, हे आधी मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

अलीकडे या रागाला एक नवी वाट मिळाली आहे. अमेरिकेतल्या डुकरांच्या शिकारीची चित्रणं गावोगावच्या मोबाइलवर फिरतात. तिपाईवर टांगलेलं एक पिंप असतं, त्यात मका भरलेला. खाली घड्याळाला जोडलेली एक चकती असते. ठरल्या वेळी ती गरगर फिरते आणि चहूकडे दाणे उधळते. डुकरांना वेळ पाठ होते. कळप येतो, आणि मचाणावर बसलेला माणूस बंदूक झाडतो. हे बघून तरुण पोरं बैठकीत हटकून विचारतात, साहेब, आपल्याकडे असंच का करू नये? दाणे टाकायचे, डुकरं एका जागी बोलवायची आणि उडवायची. पीकही वाचेल आणि राखणही टळेल.

प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवं. दाणे टाकून डुकरं जमतात, यात शंका नाही. पण दाणे टाकून डुकरं कमी होतात का? ज्या देशात हा प्रकार सगळ्यात जास्त चालतो, तिथला अनुभव याचं उत्तर 'नाही' असं देतो.

टेक्सासचा धडा

टेक्सासमधली डुकरं मूळची तिथली नव्हेत. स्पॅनिश लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी खाण्यासाठी पाळीव डुकरं नेली, त्यातली काही रानात सुटली. पुढे १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली. दोन्हींचा संकर झाला आणि आज टेक्सास राज्यातच डुकरांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात. तिथे खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकराची शिकार बाराही महिने करता येते. २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून शिकार करायलाही परवानगी देणारा कायदा झाला. १ सप्टेंबर २०१९ पासून तर खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. बंदुका घरोघर, दाण्याची पिंपं शेतोशेत, आणि कायद्याची आडकाठी जवळजवळ नाही. एवढं सगळं असूनही डुकरं हटली नाहीत.

याचं कारण डुकराच्या वाढीत आहे. मादी साधारण ११५ दिवसांत विते. एका वेताला चार ते सहा पिल्लं सहज होतात, आणि खाणं मुबलक असेल तर त्याहून जास्त. पोट भरलेली मादी लवकर वयात येते, लवकर गाभण राहते आणि तिची पिल्लंही जास्त जगतात. टेक्सासच्या कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचा हिशेब असा, की डुकरांची संख्या नुसती आहे तिथे थोपवायची तर दरवर्षी सुमारे दोन-तृतीयांश जनावरं काढावी लागतात. मचाणावर बसून रात्रीत एक-दोन डुकरं मारणाऱ्याच्या हातून हे होणं शक्य नाही. त्याने मारलेल्या दोन डुकरांची जागा त्याच्याच मक्यावर पोसलेली पिल्लं भरून काढतात.

जॉर्जिया राज्यात फोर्ट बेनिंग म्हणून लष्कराचा मोठा तळ आहे. तिथे २००७-०८ मध्ये डुकराच्या एका शेपटीमागे ४० डॉलर बक्षीस लावलं होतं. शिकाऱ्यांनी जागोजागी आमिष टाकलं आणि हजारावर डुकरं मारली. पण अभ्यासकांनी मोजणी केली तेव्हा डुकरांची दाटी कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली. आमिषाच्या दाण्यांनी डुकरांची वीण वाढली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बक्षिसाचा पैसा गेला, मका गेला आणि डुकरं होती त्याहून जास्त झाली.

टेनेसी राज्याचा अनुभव याहून कडू आहे. तिथे १९९९ मध्ये डुकराची शिकार राज्यभर खुली केली. शिकार खुली झाली तशी हौस वाढली, आणि हौसेपोटी लोकांनी डुकरं गाड्यांत घालून जिथे ती नव्हती अशा भागांत नेऊन सोडली. जो उपाय म्हणून केला त्यानेच रोग पसरला. शेवटी २०११ मध्ये त्या राज्याने हौशी शिकार बंद केली आणि डुकरांचा बंदोबस्त जमीनमालक आणि सरकारी यंत्रणेकडे दिला. कॅन्ससने त्याआधीच, २००६ मध्ये, हौशी शिकारीवर बंदी घातली होती. मिसुरीच्या वनखात्याने २०१६ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या जमिनींवर डुकराची शिकार बंद केली. गोळी झाडली की एक डुक्कर पडतं आणि बाकीचा कळप फुटून चार गावांत पांगतो, हे त्यांनी सांगितलेलं एक मुख्य कारण होतं.

यातला आणखी एक मुद्दा आपल्या लोकांनी नीट ध्यानात घ्यावा. टेक्सासमध्ये शिकारीसाठी रान भाड्याने देणारे जमीनमालक आहेत, पिंपं विकणारे दुकानदार आहेत, मका विकणारे व्यापारी आहेत. यांचं पोट डुकरावर आहे. ज्याचं पोट डुकरावर आहे तो डुक्कर संपू देणार नाही. नुकसान होतं ते शेजारच्या शेतकऱ्याचं, ज्याला शिकारीतून दमडीही मिळत नाही.

दाणा कधी उपयोगी पडतो

मग आमिष अगदीच कुचकामी म्हणायचं का? तसंही नाही. अमेरिकेत ज्यांनी डुकरं खरोखर आटोक्यात आणली, त्यांनीही मकाच टाकला. पण तो बंदुकीपुढे न टाकता पिंजऱ्यात टाकला. लोखंडी जाळीचे भक्कम पट्टे जोडून ऐसपैस गोल कोंडवाडा करायचा. त्याचं दार काही दिवस उघडंच ठेवायचं. आत रोज मका टाकायचा. पहिल्या दिवशी एखादं धीट डुक्कर आत जातं, मग पिल्लं जातात, आणि म्हातारी मादी सगळ्यात शेवटी. कळपातली शेवटची मादी आत येईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. सगळा कळप आत आला की दार पाडायचं. घाई करून निम्म्यावर दार पाडलं तर बाहेर राहिलेली डुकरं पुन्हा त्या पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत, आणि त्यांच्या वेतातून कळप पुन्हा उभा राहतो.

म्हणजे खरा फरक आमिषामागच्या शिस्तीत आहे. सबंध कळप एकदम धरायची तयारी असेल तर दाणा हे साधन आहे. ती तयारी नसेल तर तो डुकरांसाठी खुराक आहे. आणि ही तयारी एकट्या-दुकट्या शेतकऱ्याची असू शकत नाही. ते काम यंत्रणेचं आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आपल्याकडचं आमिष

आता आपल्याकडे या. आपल्याकडे पिंपं नाहीत, पण आमिष आहे, आणि ते अमेरिकेतल्यापेक्षा वाईट आहे. कणकेच्या किंवा फळाच्या आत स्फोटक भरून डुकरांच्या वाटेवर ठेवायचं, डुकराने चावलं की जबडा उडतो. याला लोक गावठी बॉम्ब म्हणतात. हे करणारा बहुतेक वेळा शेतकरी नसतो. मांस विकणाऱ्या टोळ्या हे करतात, आणि पीक राखल्याचं निमित्त सांगून शेतकऱ्याच्या रानात शिरतात. शेतकरी म्हणतो, बरं झालं, एक तरी डुक्कर कमी झालं. पण त्या गोळ्यावर नाव लिहिलेलं नसतं. सकाळी चरायला सोडलेली गाय तो चावते. राखणीचं कुत्रं चावतं. गवत कापणाऱ्या बाईचा विळा त्याच्यावर पडतो. खेळणारं पोर तो उचलून बघतं.

मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात एका गाभण हत्तिणीने असंच स्फोटक भरलेलं फळ खाल्लं. तोंड फाटलं, काही खाता येईना. वेदना सोसत ती नदीच्या पाण्यात जाऊन उभी राहिली आणि २७ मेला तिथेच मेली. त्या भागात असली फळं रानडुकरांसाठी ठेवतात. ही बातमी सगळ्या देशाने वाचली आणि हळहळ केली. आपल्या चंदगड-आजऱ्याच्या रानातही हत्ती फिरतात, गवे तर कळपाने आहेत. केरळात घडलं ते इथे घडायला काहीच अडचण नाही.

दुसरा प्रकार जिवंत तारेचा. बांधावरून उघडी तार ओढायची आणि विजेच्या लाइनवर आकडा टाकायचा. पीक हेच इथे आमिष, आणि तार हा फास. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ 'श्रीनिवास' नावाचा वाघ अशाच तारेला लागून मेला. प्रसिद्ध 'जय' वाघाचा तो बछडा. तार डुकरांसाठी लावली होती. पण वाघाची बातमी होते आणि माणसाची चार ओळींत संपते. रात्री पाणी धरायला गेलेला भाऊ, पहाटे परसाकडे गेलेला शेजारी, कधी तार लावणारा स्वतःच, अशा मरणाच्या बातम्या दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतात. ओल्या रानात विजेची तार डुक्कर आणि माणूस यांत भेद करत नाही. माणूस मेला तर तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. दहा गुंठे मक्यासाठी एक घर कायमचं उठतं आणि दुसरं घर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतं.

तिसरा प्रकार विषाचा. मक्याच्या भरड्यात कीटकनाशक कालवून ठेवणारेही आहेत. फोरेटसारखं जहाल औषध २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे, तरी कुणाच्या तरी माळ्यावर जुनी पिशवी असतेच. विषाने मेलेलं डुक्कर बिबट्या खातो, कुत्री खातात, आणि मेलेलं जनावर ओढ्यात पडलं तर ते पाणी सगळं गाव पितं.

कायदा काय म्हणतो

रानडुक्कर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव दुसऱ्या अनुसूचीत आहे. या कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे ती अनेकांना माहीत नसते. नुसतं मारणं म्हणजे शिकार असं कायदा म्हणत नाही. विष घालणं, फास लावणं, हाकून नेणं, एवढंच काय, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारीत मोडतं. म्हणजे मोबाइलवर बघून कुणी पिंप टांगलं आणि डुक्कर एकही मेलं नाही, तरी गुन्हा व्हायचा तो होतोच.

पण कायद्याने शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. याच अधिनियमाच्या कलम ११ खाली, डुक्कर जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं असेल तर ते मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. परवानगीसाठी आपल्या भागातल्या वनक्षेत्रपालांकडे अर्ज करायचा. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारच्या मालकीचं असतं, त्याचं मांस वाटून घेता येत नाही. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठराविक भागापुरतं आणि ठराविक मुदतीपुरतं एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५ च्या अखेरीस बिहारमध्ये आणि २०१६ मध्ये उत्तराखंडमध्ये रानडुकराबाबत असं झालं होतं. केरळने २०२२ मध्ये परवानगीचे अधिकार थेट पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेले. पण विष, स्फोटक आणि वीज या तिन्ही वाटा तिथेही बंदच ठेवल्या आहेत, हे लक्षात घ्या.

आपल्याकडे २०१६ मध्ये चंद्रपूर भागात परवानगीने डुकरं मारली, तेव्हा त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. एक बाजू म्हणाली मारू नका, दुसरी म्हणाली राज्यांनी मागितलं म्हणून दिलं. वर्तमानपत्रांना चार दिवस खाद्य मिळालं आणि वाद विझला. शेतकऱ्याच्या बांधावर त्यातून काय आलं, हे विचारायला कुणी परत गेलं नाही.

आणि हेही विसरून चालणार नाही, की टेक्सासचं डुक्कर उपरं आहे, आपलं इथलंच आहे. बिबट्या, कोळसुंदे आणि जिथे असेल तिथे वाघ त्याच्यावर जगतात. डुक्कर पार नाहीसं झालं तर बिबट्या उद्या आपल्या गोठ्याकडे आणखी वळेल. डुक्कर असावं, पण रानात असावं आणि बेताने असावं, इतकीच आपली मागणी असू शकते.

आपलं शेतच झालंय पिंप

आता थोडं कडू बोलायचं आहे. अमेरिकेत पिंप टांगून डुकरं पोसतात. आपण पिंप न टांगता पोसतो. डुक्कर शेतात येतं ते वैर म्हणून नव्हे, तर त्याला खाणं, आडोसा आणि ओलावा या तिन्ही गोष्टी एका जागी मिळतात म्हणून. नाकाने ते मातीखालचा दाणा हुडकतं. आपण त्याच्यासाठी काय काय मांडून ठेवतो, ते एकदा मोजून बघा.

पहिली गोष्ट भुईमुगाची. काढणी झाल्यावर जमिनीत राहिलेल्या शेंगांचा सरवा पूर्वी बायका-पोरं वेचून नेत. आता मजुरी परवडत नाही म्हणून शेंगा तशाच राहतात. त्या शेंगा म्हणजे डुकराला पंधरा-वीस दिवसांची पंगत. रताळ्याच्या रानातही तेच. काढणी झाली की लगेच एक हलकी नांगरट द्या, वर आलेल्या शेंगा वेचून घ्या किंवा गावातल्या गरजूंना वेचू द्या. पाखरंही दिवसा आपला वाटा उचलतील. डुकराला रात्री काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट हुमणीची. ही फार कमी लोकांच्या ध्यानात येते. उसात किंवा भुईमुगात डुकरांनी उकरलेली जागा नीट बघा. बऱ्याच वेळा ते पिकासाठी आलेलं नसतं, मातीतल्या हुमणीच्या अळ्यांसाठी आलेलं असतं. ज्या रानात हुमणी जास्त तिथे उकरणं जास्त. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुनिंब, बाभळीवर जमतात. त्या वेळी सगळ्या गावाने झाडं हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावेत, प्रकाश सापळे लावावेत. विस्तार खातं हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. यात हुमणी तर जातेच, शिवाय डुकराचं एक खाद्यही जातं. एका दगडात दोन पक्षी.

तिसरी गोष्ट काजूची. चंदगड-आजऱ्याकडे हंगामात बी काढून घेतात आणि बोंडं झाडाखालीच टाकतात. आंबलेल्या बोंडांचा वास रानभर जातो. फणस आणि गळालेल्या आंब्याचंही तसंच. बोंडं गोळा करून खड्ड्यात घाला, वर माती आणि शेण टाका, चांगलं खत होईल. वास राहणार नाही, खतही विकत आणावं लागणार नाही.

चौथी गोष्ट उसाची. लोळलेला, तोड लांबलेला, मध्ये तण माजलेला ऊस म्हणजे डुकराचं माहेरघर. खायला गोड, लोळायला चिखल, वेतासाठी पाचटाचा बिछाना. ऊस वेळेवर बांधून घ्या, बुडख्याचं पाचट काढा, सरीत विनाकारण पाणी तुंबवू नका. बांधाची घाणेरी आणि ओढ्याकाठचं झुडूप निदान पिकाच्या बाजूने चार-पाच हात तरी साफ ठेवा. डुकराला उघड्यावरून यायला आवडत नाही.

पाचवी गोष्ट गावाची. लग्नातलं उरलेलं अन्न, बाजारातला सडका भाजीपाला, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, हे सगळं ओढ्यात किंवा गायरानात नेऊन टाकायची आपली रीत आहे. हा कचरा म्हणजे गावाने सार्वजनिक खर्चाने चालवलेलं पिंप. कोंबड्या चुना टाकून खोल पुरल्या पाहिजेत. हे काम ग्रामपंचायतीचं आहे आणि त्याला जंगल खात्याची परवानगी लागत नाही.

राखण कशी करावी

खाणं उचललं तरी सगळी डुकरं एका हंगामात जाणार नाहीत. राखण करावीच लागेल. पण ती एकट्याने न करता गटाने करावी. एका शेतातून हाकलेला कळप शेजारच्या शेतात जातो, मग तो शेजारी दुसरीकडे हाकतो. रात्रभर डुकरं फिरतात आणि माणसं जागतात, निष्पन्न काही नाही. वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच बाजूने रानाकडे हाकलं तर काही अर्थ आहे.

सौर कुंपण हा चांगला उपाय आहे, पण त्याच्याबद्दल दोन गैरसमज आहेत. त्यातला प्रवाह सलग नसतो. साधारण दर सेकंदाला क्षणभराचा झटका येतो, जनावर बिचकतं पण मरत नाही. म्हणून सौर कुंपणाच्या तारेला थेट लाइनचा करंट जोडणं म्हणजे खूनच. दुसरं म्हणजे, डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी. वर चार तारा ओढल्या आणि खाली हातभर मोकळं सोडलं, तर डुक्कर खालून मुसंडी मारून आत जातं आणि शेतकरी कुंपणाला शिव्या देतो. तारेला गवत टेकलं की झटका कमी होतो, म्हणून आठवड्याला कडेचं गवत काढलं पाहिजे. एकेकट्याने आपापल्या पट्टीला कुंपण करण्यापेक्षा दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून सगळ्या चकाला एकच कुंपण करावं. खर्च विभागतो आणि देखभालही होते.

ज्याला एवढा खर्च झेपत नाही त्याने रब्बीत भुईमुगाच्या कडेने काटेरी करडईच्या चार ओळी दाट घालाव्यात. मक्याच्या कडेने एरंडाच्या ओळी घालता येतात. यांनी डुक्कर शंभर टक्के थांबेल असं आम्ही सांगणार नाही, पण वाट अडते, आणि करडई-एरंडाचं चार पैशांचं उत्पन्नही येतं. माणसाचे केस पसरणं, जुन्या साड्या बांधणं, फटाके वाजवणं, याची डुकराला काही दिवसांत सवय होते. ते करायचं तर दर आठ दिवसांनी बदलत राहावं लागतं.

सरकारने काय करावं

आता शासनाकडे वळू. शेतकऱ्याला बॉम्ब, तार आणि विष सोड म्हणायचं तर त्याच्या हातात दुसरं काही दिलं पाहिजे. नुसत्या 'कायदा हातात घेऊ नका' या फलकाने भागत नाही.

पहिलं, नुकसानभरपाई. पंचनामा वेळेवर व्हावा, आणि पीक फुलोऱ्यात आहे की काढणीला आलं आहे हे बघून रक्कम ठरावी. शेतकऱ्यांनीही नुकसान दिसताच त्याच दिवशी फोटो काढून ठेवावेत आणि तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा. उशीर झाला की उकरलेलं रान पावसाने सारखं होतं आणि पंचनाम्याला काही उरत नाही. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं, की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून धरलं जाईल. त्यासाठी ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह कळवायचं आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग यात येतील हे राज्याने अधिसूचित करायचं आहे. रानडुक्कर आणि आपले डोंगरी तालुके त्या यादीत आलेच पाहिजेत, याचा पाठपुरावा लोकप्रतिनिधींनी करावा.

दुसरं, कोंडवाडे. वनखात्याने स्वतःच्या देखरेखीखाली, कायदेशीर परवानगीने, जास्त उपद्रवाच्या दोन-चार गावांत कळप धरण्याचे पिंजरे लावून बघावेत. हे काम उन्हाळ्यात करावं. ऊस तुटलेला असतो, रानात खाणं कमी असतं, त्यामुळे कळप दाण्याला लवकर येतो. किती डुकरं धरली आणि त्यांचं काय केलं याचा हिशेब ग्रामसभेत मांडावा. लपवाछपवी केली की लोकांचा विश्वास जातो, आणि मग बॉम्बवाल्याला गावात थारा मिळतो.

तिसरं, बॉम्बवाल्यांचा बंदोबस्त. गोळे मांडणारा गरीब पोऱ्या पकडून भागणार नाही. दारू कुठून येते आणि मांस कुणाच्या हॉटेलात जातं, याचा तपास पोलीस आणि वनखातं यांनी मिळून केला पाहिजे. गावकऱ्यांनीही आपल्या रानात कोण रात्री-अपरात्री येतं ते माहीत असून गप्प बसू नये. आज जो डुकरासाठी गोळा मांडतो, त्याच्या गोळ्यावर उद्या आपलीच म्हैस तोंड घालणार आहे.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, पिंप टांगून आणि बंदूक रोखून डुकराचा प्रश्न सुटत असता तर टेक्सासमध्ये तो केव्हाच सुटला असता. तिथे पैसा होता, बंदुका होत्या, हेलिकॉप्टर होतं. तरी शेवटी शहाण्यांना कळलं ते इतकंच, की डुक्कर वाढतं ते खाण्यावर. आपल्याकडे ते खाणं आपण स्वतः मांडतो आहोत, निम्मं तरी नक्कीच. येत्या मे महिन्याच्या ग्रामसभेत रस्त्या-गटारीच्या विषयांबरोबर हाही विषय घ्या. कुणाच्या रानात सरवा राहिला, कोणत्या ओढ्यात कोंबड्या पडतात, भुंगेरे वेचायला कोणत्या दिवशी निघायचं आणि सामाईक कुंपणाला कोण कोण तयार आहे, एवढे चार प्रश्न कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव घाला. वळवाच्या पहिल्या पावसाआधी एवढं झालं तरी खरिपाच्या राखणीतल्या काही रात्री नक्की वाचतील.